मठातल्या दफ्तरबाई

दफ्तरबाई रागावल्या की अतिशय नम्र होत. साधारण चिडल्या तर "कृपया" म्हणत, जास्त चिडल्या तर "आपली हरकत नसेल तर" म्हणत, आणि अगदी संतापल्या की समोरच्याच्या घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करत. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने बर्फाने ओले झालेले हातमोजे काढून कागदांच्या खोक्यावर ठेवले. बाईंनी त्याला विचारलं, "आपल्या मातोश्री कशा आहेत?" तो बिचारा खूश होऊन आईच्या गुडघेदुखीबद्दल बराच वेळ सांगत राहिला. मला तोवर बाईंचं बोलणं कळायला लागलं होतं, त्यामुळे मी मुकाट्याने हातमोजे उचलून त्याच्या हातात दिले आणि त्याला दार दाखवलं.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. पण ख्रिस्ती जोगिणींच्या त्या मठात जिकडे पाहावं तिकडे सिस्टरच होत्या, आणि घरी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रोजच्या गोष्टी सांगताना माझी पंचाईत व्हायची. मठाच्या स्थापनेपासूनचे कागद, म्हणजे सगळं दफ्तर, यांच्या ताब्यात; म्हणून मी त्यांना दफ्तरबाई म्हणायला लागले. ऐंशी कधीच उलटलेली, अंगाने काडी, नाकावर चष्मा आणि गळ्यातल्या दोरीला दुसरा चष्मा. केस पांढरे आणि आखूड कापलेले. झगा वगैरे त्यांनी केव्हाच सोडला होता, साधा राखाडी स्कर्ट आणि स्वेटर घालत. रस्त्यात दिसल्या असत्या तर एखाद्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई वाटल्या असत्या.

मी मूळची नागपूरची. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काढली. मग मिलिंदला मॉन्ट्रियलमध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि दोन हजार सोळाच्या सुमारास आम्ही इथे आलो. टोरोंटोजवळ रिचमंड हिलला माझी मावसबहीण राहते. ती म्हणाली होती, "अगं इंग्लिश येतं ना, मग चिल कर, लगेच जॉब मिळेल." रिचमंड हिलमध्ये मिळत असेल. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच न येणाऱ्या ग्रंथपालाला कोणी दारातही उभं करत नाही. मी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे, दुपारी सरकारी फ्रेंच वर्गाला जायचे आणि संध्याकाळी मिलिंदवर चिडायचे. त्या वर्गाच्या फलकावर एक दिवस मठाची जाहिरात दिसली: जुन्या कागदांचं स्कॅनिंग करायला माणूस हवा.

मुलाखत मठाच्या प्रमुखांनी घेतली. त्यांना सगळे मदर म्हणत. सत्तरीच्या, गोऱ्यापान, थकलेल्या बाई. त्यांनी माझी पदवी बघितली, अनुभव बघितला आणि मग जरा काळजीच्या सुरात विचारलं, "जुनं फ्रेंच हस्ताक्षर वाचता येतं का तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं, की अजून दुकानांच्या पाट्याच कशाबशा वाचते. मदरचा चेहरा एकदम खुलला. "उत्तम," त्या म्हणाल्या. "वाचत बसणारी माणसं फार हळू काम करतात." ज्या एका कारणासाठी मला शहरभर नकार मिळत होता, त्याच कारणासाठी इथे नोकरी मिळाली. मी घरी जाऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी दफ्तरबाईंनी मला एक खुर्ची दिली, एक पेन्सिल दिली आणि सांगितलं, "वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही."

"पण मदर म्हणाल्या, की नुसतं स्कॅन..."

"मदर इथे येत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि पहिलं पान माझ्यासमोर सरकवलं.

अशा रीतीने मी फ्रेंच शिकले. वर्गात शिकवायचे बसचं तिकीट आणि हवामान. बाई शिकवायच्या मृत्युपत्र, कुंपणाचा वाद, खारवलेले मासे आणि धर्मपीठाकडे केलेले अर्ज. कांदे मागायला येण्याआधी मला "उपरोक्त दिवंगत" म्हणता यायला लागलं. एकदा ग्रोसरी स्टोअरमध्ये मी काउंटरवरच्या पोराला काहीतरी अत्यंत आदबशीर बोलले आणि तो दोन पावलं मागे सरला. आमची सई तेव्हा नववीत होती. ती कुजबुजली, "आई, प्लीज. यू साउंड लाइक अ घोस्ट." मी बाईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे उच्चार सुधारतोय."

बाईंच्या दफ्तरखान्यात शाई, कॉफी आणि विशेषणं आणायला बंदी होती. शाई आणि कॉफीचं कारण उघड आहे. विशेषणांचं मला जड गेलं. यादीत मी कौतुकाने लिहायचे, "सुंदर अक्षरातलं दुर्मीळ पत्र." बाई पेन्सिलीने "सुंदर" खोडायच्या, मग "दुर्मीळ" खोडायच्या आणि विचारायच्या, "कोणी लिहिलं? कोणाला? किती पानं?" बाकीचं वाचणारा ठरवील, असं त्यांचं म्हणणं. मिलिंदला हे फार आवडलं. मी केलेल्या भाजीला नावं ठेवायची वेळ आली की तो म्हणायचा, "वांगी. एक वाटी. तूच केलीस."

काम घाईचं होतं. मठाची दगडी इमारत प्रचंड, पण आत राहणाऱ्या सिस्टर एका बाजूच्या दोन मजल्यांवर मावतील इतक्याच उरल्या होत्या. बाकीच्या भागाचं हीटिंग बंद केलेलं. नव्याने कुणी मुलगी सिस्टर व्हायला येत नव्हती, आणि असलेल्या एकेक करून जात होत्या. इमारत विकायला काढली होती, तिथे कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, होणार होते. कागद जाणार होते एका नव्या केंद्रात, जिथे असे बरेच मठ आपापली दफ्तरं एकत्र ठेवणार होते. ते केंद्र सगळ्या याद्या इंटरनेटवर टाकणार होतं. म्हणजे आजवर चार भिंतींत राहिलेली प्रत्येक नोंद, ज्या मथळ्याखाली असेल त्या मथळ्यासकट, जगाला दिसणार होती. मदरना सगळं आवरून लवकर मोकळं व्हायचं होतं. बाईंना एक गोष्ट त्याआधी दुरुस्त करायची होती, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं.

खोक्यावर लिहिलं होतं, "देणग्या." अठराव्या शतकातल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची विधवा आपल्या नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मठाला काय काय देत होती, त्याचं दानपत्र मी वाचत होते. चांदीचे दिवे, एक जोडी. दुभती गाय, एक. चादरी आणि टॉवेल. आणि त्याच ओळीत पुढे, स्वल्पविरामानंतर, एक गुलाम मुलगी, वय सुमारे दहा, बाप्तिस्म्याचं नाव मार्गेरीत. मी वाक्य पुन्हा वाचलं. मला वाटलं, माझ्या फ्रेंचचा दोष असेल.

"सिस्टर, हे खरं आहे?"

बाईंनी वाकून बघितलं. "सही आहे. साक्षीदारांच्या सह्या आहेत. खरं आहे."

"हे लपवून ठेवलं होतं?"

"लपवून?" त्या खरोखर दुखावल्यासारख्या दिसल्या. "देणग्या, तिसरं खोकं. कपाटात कार्ड आहे. कुणीही मागितलं असतं तर काढून दिलं असतं. कुणी मागितलं नाही."

ते कार्ड त्यांनीच लिहिलेलं होतं. तरुणपणी दफ्तराचं काम नुकतंच हाती आलं असताना त्यांना हे दानपत्र सापडलं होतं. तेव्हाच्या मदरना त्यांनी विचारलं, की या मुलीची नोंद कुठे करू. त्या मदर म्हणाल्या, दानात आली ना, मग देणग्यांत. "मी आज्ञापालनाची शपथ घेतलेली होती," बाई म्हणाल्या. "शिवाय तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं. ती दानातच आली होती. पण तेव्हापासून ती तिथे आहे, दिव्यांच्या आणि गायीच्या पंगतीत, माझ्या अक्षरात."

ती मुलगी मूळची इथल्याच आदिवासींपैकी. दूर पश्चिमेकडे कुठेतरी पकडून, हातोहात विकत मॉन्ट्रियलपर्यंत आणलेली. तिचं खरं नाव कागदावर नाही. ते तिला कुणी विचारलं नाही, बाई म्हणाल्या, कारण विचारलं असतं तर आमच्या बायकांनी नक्की लिहून ठेवलं असतं. मठात तिला धुणं धुवायला ठेवलं. धुण्याच्या खर्चात दोन-तीनदा तिचा उल्लेख येतो, साबणाच्या जवळपास. नंतर येत नाही.

मला त्या दिवशी फार चेव आला. मी बाईंना जरा तोऱ्यातच म्हणाले, की आमच्याकडे इतर हजार दोष असतील, पण माणसं दान देण्याचा प्रकार नव्हता. रात्री भांडी घासताना मला माझ्याच अभ्यासक्रमातली पेशवाईची कागदपत्रं आठवली. कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्याच्या, भेट दिल्याच्या, घोड्यांच्या खरेदीशेजारी लिहिलेल्या नोंदी. परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या आणि चांगले मार्क पडले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या मथळ्याखाली?" मी म्हटलं, माहीत नाही. "बघा कधी गेलात तर," त्या म्हणाल्या.

बाईंची मागणी साधी होती. "देणग्या" हा मथळा बदलून तिथे "गुलाम" लिहायचं. मदर वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्यांच्या डोक्यावर इमारतीची विक्री होती, आजारी सिस्टरांच्या औषधपाण्याची व्यवस्था होती. त्या बाईंना म्हणाल्या, "खालच्या मजल्यावरच्या आपल्या बहिणींनी जन्मभर परक्यांची आजारपणं काढली. शेवटच्या दिवसांत त्यांना पेपरात हे वाचायला लावू?"

"त्या वाचणार नाहीत, मदर," बाई म्हणाल्या. "बहुतेकींना दिसत नाही."

मदरनी शेवटी एका सल्लागाराला विचारलं. इमारत विकायला काढल्यापासून हा गृहस्थ नेमला होता, मठाबद्दल बाहेर काय बोलावं आणि काय बोलू नये हे सांगायला. तो ईमेलने पर्यायी शब्द सुचवायचा, मी ते छापून बाईंना द्यायचे आणि बाई त्याखाली पेन्सिलीने उत्तर लिहायच्या. त्याने लिहिलं, "आश्रित." बाईंनी लिहिलं, "आश्रय मागितल्याचा कागद नाही." त्याने लिहिलं, "धुलाई विभागातील तरुण सहकारी." बाईंनी लिहिलं, "आपले आईवडील सुखरूप असतील अशी आशा करते." त्याने लिहिलं, "समुदायाशी जोडलेली व्यक्ती." बाईंनी फक्त लिहिलं, "कशाने?" त्यानंतर त्याचं ईमेल यायचं थांबलं.

खरी गोष्ट नुसत्या मथळ्याची नव्हती. मथळा बाहेरच्यांसाठी होता. मठात रोज दुपारी जेवणाआधी एक वाचन होई. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं, त्याला मी पुण्यतिथ्यांचं पुस्तक म्हणायचे. त्या दिवशी, त्या तारखेला, स्थापनेपासून आजवर जी जी सिस्टर वारली असेल तिचं नाव उभं राहून वाचायचं. नाव वाचून वाचणारीने क्षणभर थांबायचं. मग मदर सुरुवात करत आणि सगळ्या म्हणत, "तिला चिरशांती लाभो." मग सूप. तीनशे वर्षांपूर्वी गेलेली बाई आणि गेल्या साली गेलेली बाई, दोघींना सारखीच शांती. गेली कित्येक वर्षं हे वाचन दफ्तरबाई करत होत्या. मी अधूनमधून त्यांच्यात जेवायला बसायचे आणि मला हा प्रकार फार आवडायचा. आमच्याकडे पितरांना वर्षातून एकदा पंधरवडा देतात. यांच्याकडे रोज कुणी ना कुणी जेवायच्या वेळी हजर.

या पुस्तकात सिस्टरांखेरीज मठाच्या उपकारकर्त्यांचीही नावं होती. आणि त्या व्यापाऱ्याच्या विधवेचं नाव होतं. दरवर्षी वसंतात तिच्या तारखेला, "हिच्या उदार देणग्यांबद्दल" अशा शब्दांत, तिच्यासाठी प्रार्थना होत असे. देणगी देणारीसाठी आपण वर्षानुवर्षं शांती मागतोय आणि देणगीत दिलेलीसाठी एकदाही नाही, हे बाईंच्या मनाला कुरतडत होतं. त्यांनी ते पुस्तक हजारदा उघडलं होतं. इमारत विकली जाण्याआधी, स्वतःचे पाय चालताहेत तोवर, मार्गेरीतचं नाव या पुस्तकातून वाचलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मदरना त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मदरनी बराच विचार केला आणि मग त्यांना आपल्या परीने मार्ग सापडला. "ती सिस्टर नव्हती, म्हणून सिस्टरांत घेता येणार नाही. पण उपकारकर्त्यांत घेऊ. नियमात काय आहे? मठासाठी मोबदला न घेता श्रम करणारी व्यक्ती. मग ती बसते."

बाई पांढऱ्या पडल्या. "मदर, आपले बंधू आता कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मदरही जुन्या होत्या, त्यांना अर्थ कळला. "सिस्टर, मी तुमच्या बाजूने बोलते आहे."

"हो मदर. पण तिने काही दिलं नाही. तिच्याकडून घेतलं गेलं. उपकारकर्ती लिहिलं तर मी आधी एकदा केलेली चूक पुन्हा करेन, आणि या वेळी आभार मानून."

मग मदरनी अगदी साधा प्रश्न विचारला, "ते जाऊ दे. वाचणार कुठल्या तारखेला?"

हे बाईंकडे नव्हतं. पुस्तक तारखांनी लावलेलं, आणि मार्गेरीतची मृत्यूची तारीख कुठेच नव्हती. "तारीख आणा," मदर म्हणाल्या, "मग बघू." त्या सुटका झाल्यासारख्या निघून गेल्या.

तो सगळा हिवाळा बाईंनी तारीख शोधण्यात घालवला. मठातले कागद संपल्यावर त्या गावातल्या जुन्या चर्चच्या दफननोंदी बघायला निघाल्या. उणे वीसमध्ये, मेट्रोने, फुटपाथवर बर्फाची काच झालेली, आणि माझा हात धरायला तयार नाहीत. मी म्हटलं, "सिस्टर, पडलात म्हणजे?" तर म्हणतात, "मग माझी तारीख तरी नक्की होईल." मार्गेरीत नावाच्या मुली पुष्कळ सापडल्या, पण ही कुठली ते ठरवायला काहीच आधार नाही. अंदाजाने एखादी तारीख घ्यावी असं मी सुचवलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मठाच्या गोठ्याच्या वहीत मात्र त्यांना त्याच दानपत्रातली गाय सापडली. ती पोट फुगून मेली, कातडं विकलं, दिवस आणि महिना सगळं व्यवस्थित लिहिलेलं. बाईंनी चष्मा काढला. "आमची गाय कधी मेली ते मला सांगता येतं," त्या म्हणाल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत, कागदांजवळ पाणी कशाला आणलं म्हणून रागावल्याही नाहीत, आणि मला त्यांची फार काळजी वाटली.

वसंत आला. विधवाबाईंची तारीख जवळ आली, या इमारतीतली शेवटची. आदल्या दिवशी बाई मदरकडे गेल्या आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाल्या, की आपली हरकत नसेल तर या वर्षी विधवाबाईंच्या नावापुढे "उदार देणग्या" एवढंच न वाचता मूळ दानपत्रातली देणग्यांची ओळ पूर्ण वाचावी. शेवटचंच वर्ष आहे, त्यांचा तेवढा मान राहावा. मदर कॉन्डोवाल्याशी फोनवर होत्या. बाईंनी मुलीचा हट्ट सोडला असं समजून त्यांना हायसं वाटलं असावं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाला मी हजर होते. वाटाण्याचं सूप होतं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टरांनाही चाकाच्या खुर्च्यांवरून वर आणलं होतं. बाई उभ्या राहिल्या, विधवाबाईंचं नाव वाचलं आणि न थांबता पुढे वाचत गेल्या. चांदीचे दिवे, एक जोडी. दुभती गाय, एक. चादरी आणि टॉवेल. एक गुलाम मुलगी, वय सुमारे दहा, बाप्तिस्म्याचं नाव मार्गेरीत.

तिथे त्या थांबल्या.

साठ-साठ वर्षं त्या बायकांनी एकच गोष्ट केलेली: नाव आलं आणि पाठोपाठ थांबणं आलं, की उत्तर द्यायचं. मदरचं तोंड आपोआप उघडलं. सगळ्यांनी म्हटलं, "तिला चिरशांती लाभो." ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी शेजारणीचे ओठ बघून म्हटलं. मग काहींना आपण काय म्हटलं ते कळलं. एका म्हाताऱ्या सिस्टरने छातीवर क्रूसाची खूण केली. एक जण मोठ्याने विचारत होती, "कोण मार्गेरीत? आपली कुठली?" बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या खाली बसल्या. विधवाबाईंना त्या वर्षी शांती मिळाली नाही, हे फक्त माझ्या लक्षात आलं.

मदरनी सूप संपवलं. मग उठून त्या माझ्याबरोबर दफ्तरखान्यात आल्या, दानपत्र मागितलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. "दहा वर्षांची," एवढंच म्हणाल्या. मग यादीचा तो कागद घेऊन "देणग्या" हा मथळा स्वतः खोडला, वर "गुलाम" लिहिलं आणि खाली सही केली. पुस्तकाबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत. तारखेशिवाय पुस्तकात जागा नाही, हे बाईंनाही मान्य होतं, आणि तेच त्यांना सलत होतं.

पुढच्या आठवड्यात बाई कन्फेशनला जाऊन आल्या. मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही परवानगी तर घेतली होती. मग कसलं पाप?"

"थांबले जरा जास्त," बाई म्हणाल्या. "फादरनी विचारलं, किती? मी म्हटलं, पुरेसं."

त्याच वर्षी हिवाळ्याआधी मठ हलला. खोकी ट्रकने नव्या केंद्रात गेली आणि माझीही तिथे नोकरी लागली, कारण आता मला जुनं फ्रेंच वाचता येत होतं. सिस्टर गेल्या नदीकाठच्या एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. दफ्तराविना बाईंचे हात रिकामे पडले होते. त्यांनी खोलीतल्या औषधांची यादी केली, मग खिडकीतून दिसणाऱ्या बोटींची. तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून त्या मला मध्येच तरुणपणच्या कुठल्यातरी सिस्टरच्या नावाने हाक मारायला लागल्या. पण निघताना हात धरून एकच विचारायच्या, "तारीख मिळाली?" मी नाही म्हणायचे. खोटं सांगायचं माझ्या मनात खूपदा आलं. त्यांनी संदर्भ मागितला असता, आणि मला देता आला नसता.

बाई एका नोव्हेंबरमध्ये गेल्या, झोपेत. मी अंत्यविधीला जाऊन आले. मला एवढ्या परक्या देशात कुणीतरी पुन्हा शाळेत घातलं होतं, आणि ते माणूस गेलं होतं.

वर्षाने मदरचा फोन आला. "सिस्टरची पहिली पुण्यतिथी आहे. पुस्तक वाचायला कोणी उरलं नाही, सगळ्यांचे डोळे गेलेत. तुम्ही याल का?"

"मदर, मी हिंदू आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला दिसतं ना?" मदर म्हणाल्या.

मिलिंद म्हणाला, "अगं, स्नो वॉर्निंग आहे, अजून विंटर टायर्स लावले नाहीत." मी म्हटलं, मग आज लाव. दुसऱ्या दिवशी मी हायवेवरून हळूहळू गेले. आश्रमाच्या जेवणघरात चार टेबलांभोवती त्या बसल्या होत्या, मी पाहिल्या होत्या त्याहून कितीतरी कमी. मदर स्वतः आता चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे उघडलं. त्या तारखेच्या पानावर दफ्तरबाईंचं नाव होतं, आणि त्याच्या खाली, मदरच्या थरथरत्या अक्षरात, आणखी एक ओळ. "मार्गेरीत, या मठाची गुलाम. मृत्यूची तारीख अज्ञात."

मी मदरकडे बघितलं.

"सिस्टरनी हरकत घेतली असती," मदर म्हणाल्या. "पुरावा नाही, असं म्हणाल्या असत्या. पण त्या दफ्तरवाल्या होत्या, मी मठाची प्रमुख आहे. मला तिच्यासाठी एक दिवस हवा होता, तो मी सिस्टरकडून मागून घेतला."

मी उभी राहिले. त्या दिवशी गेलेल्या जुन्या सिस्टरांची नावं वाचली. मग दफ्तरबाईंचं वाचलं आणि थांबले. उत्तर आलं. मग शेवटची ओळ वाचली आणि थांबले. उत्तर यायला वेळ लागला, कारण सुरुवात नेहमी मदर करत आणि मदरना रडू आवरत नव्हतं. मी तशीच उभी राहिले. बाहेर बर्फ पडायला लागला होता, सूप निवत होतं, आणि कुणालाही कसली घाई नव्हती. मग मदरनी डोळे पुसले आणि सुरुवात केली.